आमची बदनामी लवकर करा!

"यापुढे आपल्या कारखान्यात कागदाचा कपटाही दिसणार नाही!" असं छाती फुगवून सांगत मॅनेजर भाचेसाहेबांनी आत्याबाईंच्या कापडी खेळण्यांचे सगळे नमुने कॉम्प्युटरवर चढवले आणि कागद रद्दीत घातले. हत्तीचे कान, सशाचं पोट, माकडाची शेपटी... आत्यांची उभी हयात त्या कागदांत गेली होती!

महिनाभरातच सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद! पडद्यावर कुणा चोरांची धमकी: 'खंडणी द्या. नाहीतर आमच्या वेबसाइटवर लुटलेल्या कंपन्यांच्या यादीत तुमचं नाव टाकू आणि चोरलेल्या फायली साऱ्या जगासाठी खुल्या करू.'

"अरे, जादा प्रत ठेवली असशील ना?" आत्यांनी विचारलं.

"ठेवली ना! त्याच कॉम्प्युटरवर." भाच्याचा आवाज उंदराएवढा झाला.

कापणाऱ्या बायका कात्र्या खाली ठेवून बसल्या. नमुना छापून मिळाल्याशिवाय कापणार काय, कपाळ? कारखान्याला टाळं लागायची वेळ आली आणि भाच्याला काळजी कसली, तर अब्रूची!

"आत्या, त्या वेबसाइटवर नाव आलं की तोंड दाखवायला जागा उरणार नाही. देऊन टाकू पैसे!"

"थांब जरा. साऱ्या जगाला फायली दिसणार, म्हणजे आपल्यालाही दिसतील ना?"

"हो, पण..." भाचा बोलता बोलता थांबला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मग कळव त्यांना. दमडी मिळणार नाही, खुशाल घालवा अब्रू!"

नाव तर झळकलं. पण फायली काही येईनात! चोरांनी आधी मुदत वाढवली, मग रक्कम निम्म्यावर आणली. आत्या खवळल्या. "लिही त्यांना! दिलेला शब्द पाळता येत नाही, तर धंद्यात पडलात कशाला?"

भाचा लिहून लिहून रडकुंडीला आला. शेवटी त्याने हात जोडल्यासारखं लिहिलं, 'कृपया आमची बदनामी लवकरात लवकर करावी, ही नम्र विनंती.'

'आमची थट्टा करता काय?' असं उत्तर आलं आणि रागाच्या भरात त्यांनी सगळ्या फायली खुल्या करून टाकल्या!

हत्ती आला, ससा आला, माकड शेपटीसकट आलं! बायकांनी टाळ्या पिटल्या. आत्यांनी डोळे पुसले आणि एवढ्या मोठ्या मॅनेजरचा सगळ्यांदेखत गाल ओढला. त्यालाही भरून आलं.

"आत्या, आजपासून प्रत मी स्वतः जपून ठेवणार!"

"तू कशाला त्रास घेतोस, बाळा?" आत्या मायेने म्हणाल्या. "मी जिराफाचा नवा नमुना काढलाय. ती मंडळी परत कधी येणार, तेवढं विचारून ठेव."