कॉफीचं गोणपाट आणि आंब्यांची अढी

दोन दिवसांत होईल, असं उमाने फोनवर भावाला ठणकावून सांगितलं होतं. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

बाबांचे एक मित्र चिकमगळूरहून दरवर्षी कॉफीच्या बिया पाठवत. त्यांचं एक रिकामं गोणपाट माळ्यावर पडून होतं. बाबांच्या खुर्चीमागच्या मोकळ्या भिंतीकडे वर्षभर उमाला पाहवत नव्हतं. वर्षश्राद्धाला नातेवाईक जमतील तेव्हा त्या भिंतीवर, भरतकाम करून चौकटीत बसवलेलं हे गोणपाट झळकणार होतं.

गोणपाटाने पुरता सूड घेतला. सात सुया मोडल्या. घरभर तागाची कुसळं उडाली. आई दर पाच मिनिटांनी शिंकायची आणि शिंकून झालं की उमाकडे नुसतं बघायची. तरी शेवटी कॉफीची फांदी उमटली, लाल फळांसकट. श्राद्धाच्या आदल्या दिवशी उमाने ते चौकटीवर ताणून चिकटवलं, पडवीत वाळत ठेवलं आणि ती आंघोळीला गेली.

परत आली तर चौकट गायब!

ती सापडली आंब्यांच्या खोलीत. बागेचं सगळं बघणाऱ्या रावजीने, पाहुण्यांना आठवड्याने जाताना द्यायचे आंबे पेंढ्यात पिकत घातले होते आणि त्या अढीवर, फांदी खाली करून, चौकट दाबून बसवली होती.

"बरी केलीत ताई," तो म्हणाला. "गोणपाट सरकत नाही आता. मास्तरांना मी किती वर्षं सांगत होतो, असं झाकण करा म्हणून." बाबांना तो मास्तरच म्हणायचा.

उमाने हात पुढे केला तसा तो आडवा आला. मध्येच उघडलं तर ऊब जाईल, आंबे अर्धेकच्चे राहतील. चार दिवस झाकण हलवायचं नाही. आईनेही आंब्यांचीच बाजू घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर सावर्ड्याच्या आत्याने विचारलं, भिंतीवर नुसता खिळा कशाला? उमाला सगळं सांगावं लागलं. मग अकरा नातेवाईक रांगेने त्या खोलीत जाऊन, कमरेत वाकून, गोणपाटाची उलटी बाजू पाहून आले. खाली काय आहे ते उमा प्रत्येकाला समजावत होती. गाठी छान आल्यात, असं काकू म्हणाल्या.

आत्या सर्वांत शेवटी वाकली. गोणपाटावरून ती बराच वेळ तळहात फिरवत राहिली. भावाच्या आठवणीने तिला भरून आलं असणार. उमाने स्वतःचे डोळे टिपले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला अशी दोन करून दे," आत्या म्हणाली. "फक्त ते भरतकाम नको बाई. आंब्यांचे देठ अडकतात."