मिस्त्रींची मान

प्रवेशअर्जाच्या सोळाव्या रकान्यात विचारलं होतं, ‘ऐकण्यात काही दोष?’ मिस्त्रींनी तिथे ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं, शाईवर फुंकर घातली आणि अर्ज बायकोपुढे सरकवला. बायकोने अर्ज वाचला, मग नवऱ्याकडे पाहिलं. वर्षापूर्वीच्या एका तापानंतर मिस्त्रींना ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नव्हता. तिने वही ओढली आणि लिहिलं, ‘अहो, हे धादांत खोटं आहे.’

“आधी आत तर शिरू दे,” मिस्त्री म्हणाले. “खरं बोलायला अख्खा जन्म पडलाय.” आपला आवाज किती चढतो याचा त्यांना अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे ही गुप्त योजना शेजारच्या दोन घरांनाही कळली.

सत्तावीस वर्षं मिस्त्रींनी मोटारी दुरुस्त केल्या होत्या, त्याही कानाने. गाडी दारात आली की ते डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि बॉनेट उघडण्याआधीच दुखणं सांगून मोकळे व्हायचे. कान गेले तेव्हा दोन कारखान्यांनी आणि एका गोदामाने ‘बहिरा माणूस नको’ म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या नकारानंतर घरी येताना त्यांना एका कार्यालयाच्या भिंतीवर हाताने काढलेला मोठा नकाशा दिसला. निळ्या शाईची एक नदी डोंगरातून निघून, वळणं घेत, कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. मिस्त्री त्या नदीसमोर तासभर उभे राहिले. त्या रात्री ते झोपेत बोटाने पांघरुणावर वळणं काढत होते, असं बायको सांगते. आठवड्याभरात त्यांनी नकाशाशाळेचा पत्ता काढला. पहिला महिना कच्च्या हजेरीचा, तो निभावला की नाव पटावर पक्कं. बावन्नाव्या वर्षी मिस्त्रींना आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती.

तयारी त्यांनी जय्यत केली होती. आरशासमोर बसून त्यांनी तीन प्रकारे मान डोलवायला शिकून घेतलं. भरभर डोलावली की ‘हो हो, समजलं’. किंचित तिरकी डोलावली की ‘काय सांगता!’ आणि डोळे खाली घालून सावकाश डोलावली की ‘खरंय, चालायचंच’. जगातलं कोणतंही बोलणं या तिन्हींपैकी एकात बसतं, असा त्यांचा अनुभव होता.

हजेरीचाही बंदोबस्त होता. त्यांचं नाव वर्गातल्या एका गलेलठ्ठ विद्यार्थ्यानंतर यायचं. त्याचं तोंड उघडून मिटलं की मिस्त्री खणखणीत ‘हजर!’ म्हणायचे. पण तो विद्यार्थी होता आळशी, त्याला दर आठ-दहा मिनिटांनी जांभई यायची. त्यामुळे मिस्त्री एका तासाला सहा-सात वेळा हजर व्हायचे. शिकवणारे मास्तर तीस वर्षांचे, साधे होते. एवढा उत्साही विद्यार्थी त्यांनी पाहिलाच नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना काहीतरी विचारलं, मिस्त्रींनी पहिल्या प्रकारची मान डोलावली आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आपण वर्गप्रमुख झालो, हे मिस्त्रींना दोन दिवसांनी सूचनाफलकावर वाचून कळलं.

एकदा माणूस मान डोलवायला लागला की लोक त्याच्या मानेवर बसायला कमी करत नाहीत. मिस्त्री फळा पुसू लागले, खडूच्या पेट्या वाहू लागले, आणि शनिवारी शहराबाहेरच्या माळावर मोजणीला जायचं ठरलं तेव्हा दुर्बिणीची तिपाईही त्यांच्याच खांद्यावर आली. माळावर मास्तरांनी त्यांच्या हातात दोन पुरुष उंचीची मोजकाठी दिली आणि बराच वेळ समजावून सांगितलं. मास्तरांनी हाताने ढकलल्यासारखं केलं की मागे सरायचं, शिट्टी वाजवली की जागच्या जागी थांबायचं, दोनदा वाजवली की परत यायचं. मिस्त्रींनी तिन्ही प्रकारे मान डोलावली.

मास्तर दुर्बिणीशी गेले आणि त्यांनी हात ढकलला. मिस्त्री काठी उभी धरून मागे सरले. पुन्हा हात, पुन्हा मागे. मग मास्तरांनी शिट्टी वाजवली. मिस्त्री मागेच जात राहिले. मास्तरांनी गाल फुगवून दोनदा शिट्टी वाजवली, मग दोन्ही हात हवेत नाचवले. मास्तर एवढे खूश झालेले पाहून मिस्त्रींना हुरूप आला. त्यांनीही हात हलवला आणि झपाझप पावलं मागे टाकली. मास्तर लहान लहान होत गेले, दुर्बीण टाचणीएवढी झाली आणि शेवटी टेकाडामागे सगळंच बुडून गेलं.

टेकाडाच्या पलीकडे एक उथळ तळं होतं. मिस्त्री पाठमोरे त्यात शिरले आणि गुडघाभर पाण्यात थांबले. काठी धरणाऱ्याने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. म्हणून ते उभे राहिले. ढग त्यांच्या पायांशी येऊन पाण्यातून सावकाश जात होते. पाण्यावरचे चतुर काठीवर बसायचे आणि आकडे वाचल्यासारखे करून उडायचे. समोरचा उतार पाहता पाहता मिस्त्रींना त्यावर उंचीच्या रेषा दिसायला लागल्या, आधी दूर दूर, मग वर गर्दी करून आलेल्या. आजवर या रेषा कागदावरच पाहिल्या होत्या, आता जमीनच त्या दाखवत होती. इतकं बरं त्यांना कान गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

इकडे टेकाडाअलीकडे हलकल्लोळ माजला होता. गलेलठ्ठ विद्यार्थी जन्मात प्रथमच धावला. सगळा वर्ग ‘काका! काका!’ करत झुडपं धुंडाळत होता. कोणीतरी तळ्याचं नाव काढलं आणि मास्तरांनी घाबरून अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला, मिस्त्रींच्या पाठीमागे दहा पावलांवर थांबला आणि भोंगा वाजवत राहिला. माळावरची पाखरं उडाली. मिस्त्रींनी जराशी कललेली काठी सरळ केली.

सोमवारी प्राचार्यबाईंनी त्यांना बोलावलं. कच्च्या हजेरीचे अजून बारा दिवस उरले होते. मिस्त्रींनी चेहरा शांत ठेवला. बाई रागावतील, त्याला तिसरी मान बरी, असा त्यांनी हिशेब केला.

“काका, खरं सांगा,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला अजिबात ऐकू येत नाही ना?”

मिस्त्रींनी डोळे खाली घालून सावकाश मान डोलावली.

“मग अर्जात खोटं लिहिलंत?”

“हो बाई, माझी चूक झाली,” मिस्त्री म्हणाले. बाई तळ्याबद्दलच रागावल्यात, असं त्यांनी धरलं होतं. “पण मला शिकायचंय. काढू नका एवढंच.”

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि त्या हसल्या. मिस्त्रीही हसले. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की बाईंना काडीचाही संशय आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेची तऱ्हाच बदलली. मास्तर सगळं फळ्यावर लिहायला लागले. हजेरी घेताना ते बाकाशी येऊन पटावर बोट ठेवायचे. गलेलठ्ठ विद्यार्थी आपली वही आपणहून पुढे सरकवायचा. “शिकवावं तर असं,” मिस्त्री बायकोला सांगायचे. “सगळं लेखी.” पण दिवस जसे सरत गेले तसं त्यांचं जेवण कमी झालं. इतकी भली माणसं, आणि आपण त्यांना रोज फसवतोय, हे त्यांना सहन होईना. महिना संपायला तीन दिवस उरले असताना ते कागद घेऊन बसले.

बायकोने वहीत लिहिलं, ‘तीनच दिवस राहिलेत. नाव पक्कं होऊ द्या, मग सांगा.’

“खोट्यावर पक्कं झालेलं नाव मला नको,” मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. बायकोने वही मिटली आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

प्राचार्यबाईंनी पत्र वाचलं. ‘मला काहीही ऐकू येत नाही. मी आपणा सर्वांना फसवलं. नाव काढलंत तरी तक्रार नाही, मात्र नदीचा नकाशा अर्धा झालाय, तो पुरा करून जाऊ द्यावा.’ बाईंनी लेखणी उचलली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद परत दिला.

‘हे तुम्ही मला त्या सोमवारीच सांगितलंत. नाव मी त्याच दिवशी पक्कं केलं.’

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. सोमवारी? कधी? कोणाला? बाई काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि मिस्त्रींची मान सवयीने खाली जायला निघालीही होती. ती त्यांनी मध्येच थांबवली. मग वर्षभरात पहिल्यांदाच ती आडवी हलवली.

“नाही बाई,” ते म्हणाले, “मला काहीसुद्धा कळलं नाही. लिहून द्या.”

बाईंनी कागद उलटा केला आणि पहिल्यापासून सगळं लिहायला घेतलं.