एक हप्ता त्याचा, एक हप्ता तिचा

डोमाभाऊच्या नातीचं, आचलचं, बारसं झालं आणि पाहुणे संपायच्या आधी भाजी संपली, त्याच वर्षी त्यांच्या भाच्याची, भूपेशची, फारकत निघाली.

बातमी आली तेव्हा डोमाभाऊ अंगणात जाळं सांधत बसले होते. दुसरा कोणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. डोमाभाऊंनी मिशीला लावला!

"ही सोयरीक जुळवली कोणं? म्या! गाठ मीच बांधली, आता सोडीनबी मीच. कोर्ट नुसता ठप्पा मारन!"

गोकुळाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "दोन दिवसांपासून जाळ्याची गाठ सुटत नाई तुमच्यानं, अन् चालले संसाराची सोडाले!"

पण डोमाभाऊचा डौल उगाच नव्हता. तलावातल्या मासोळीचे वाटे पाडण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. जाळं निघालं की मासोळी काठावर ओतायची, डोमाभाऊंनी सारखे ढीग लावायचे, एकाला पाठ फिरवून उभं करायचं आणि ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, ढीग त्याचा. भांडण नाही, तंटा नाही! याच रीतीनं त्यांनी भावाभावांची भांडी वाटली, शेळ्या वाटल्या, एकदा तर बैलजोडी वाटली. दोन्ही बैल पुढे रानात जाऊन एकमेकांजवळच चरायचे, पण तो दोष बैलांचा.

भूपेश सूरजागडच्या रस्त्यावर लोहखनिजाचा ट्रक चालवायचा. दामिनी घरीच ब्लाउज शिवायची. हा गडी चार-चार दिवसांनी घरी यायचा तो भाजलेल्या विटेसारखा लाल होऊन, आणि आडवा व्हायचा तो नेमका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर! कापडं लाल झाली, मग दामिनी लाल झाली, आणि शेवटी प्रकरण वकिलापर्यंत गेलं. मूलबाळ नव्हतं. होतं ते चामोर्शीचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, आणि स्लॅबच्याही वर बँकेचं कर्ज. कर्ज दोघांच्या नावावर आणि जामीनदार डोमाभाऊ! जामीनदार म्हणजे लग्नातल्या साक्षीदारासारखा मानाचा माणूस, अशी त्यांची समजूत होती. फोटोसाठी त्यांनी नवा शर्टही शिवला होता.

ठरल्या दिवशी डोमाभाऊ गोकुळाबाईंना घेऊन चामोर्शीला पोचले. घरातलं सगळं सामान बाहेरच्या खोलीत मांडलं. गोकुळाबाईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"हा कोणाचा?"

"भूपेशचा!"

मिक्सर भूपेशला गेला.

"हा कोणाचा?"

"दामिनीचा!"

मिक्सरची भांडी दामिनीला गेली. पुढे टीव्ही तिला, रिमोट त्याला. गादी त्याला, पलंग तिला. आणि मग शिलाई मशीन गेली भूपेशला!

दामिनी ताडकन उठली. "मामाजी! हा का ट्रकले झालर लावन का?"

"पाठमोऱ्याचं बोलणं म्हणजे देवाचं बोलणं, पोरी."

"देव कायचा?" गोकुळाबाई भिंतीकडूनच बोलल्या. "मी इथी पाल पाहून राह्यली. तिनं शेपूट इकडं केली का भूपेश म्हणतो, तिकडं केली का दामिनी!"

अखेर मशीनच्या बदल्यात पलंग भूपेशला देऊन तो विषय मिटला. राहिलं घर. त्याचे ढीग काही लागेनात. डोमाभाऊंनी दोरीनं भिंती मोजल्या, तर संडास नेमका मधोमध आला. ते ओट्यावर जाऊन बसले, तंबाखू मळली, आणि उठले ते निकाल घेऊनच.

"ऐका! हप्ता वाटून घ्या. एक हप्ता भूपेशचा, एक हप्ता दामिनीचा. कर्ज फिटलं का घर इका, पैसे अर्धे-अर्धे. संपलं!"

त्यांच्या मनात होता बँकेचा हप्ता. या महिन्याचा त्यानं भरायचा, पुढच्या महिन्याचा तिनं. पण आपल्याकडे आठवड्यालाही हप्ताच म्हणतात! नवराबायकोच्या डोक्यात बसला तो सोमवार ते सोमवारचा हप्ता. एक आठवडा घरात तो राहणार, एक आठवडा ती.

भूपेशनं विचारलं, "मामा, अन् दहा तारखेले बँकेचे पैसे भरा लागते, त्याचं?"

डोमाभाऊ गरजले, "आता का पाटीवर लिहून देऊ का बे? ज्याचा हप्ता, त्यानं भराचे!"

दोघांनी मान डोलावली. लग्न झाल्यापासून दोघांनी एकाच वेळी मान डोलावल्याची ही पहिलीच खेप होती. तिथंच डोमाभाऊंना शंका यायला हवी होती.

पहिल्या महिन्यात दहा तारीख भूपेशच्या आठवड्यात आली. नऊ तारखेला त्यानं गादी गुंडाळली, ट्रकमध्ये टाकली आणि पसार! ज्याचा मुक्काम त्याचा भरणा, आणि मुक्कामच नाही तर भरणा कशाचा? दामिनी काही कच्ची नव्हती. तिनं दहालाच कुलूप पाहिलं, आत पाय ठेवला तर भरणा आपल्याच गळ्यात पडेल हे ताडलं आणि आल्या पावली परत गेली. पुढच्या महिन्यात दहा तारीख तिच्या आठवड्यात आली. नऊला संध्याकाळी तिला मुलचेऱ्याच्या बहिणीची अशी आठवण आली की तिनं अर्धा शिवलेला ब्लाउज सुईसकट पिशवीत कोंबला आणि मिळेल ती गाडी पकडली. तिसऱ्या महिन्यात तर दोघंही दहाच्या आसपास त्या गल्लीत फिरकले नाहीत. घर ओस पडलेलं पाहून माकडांनी स्लॅबवर बिऱ्हाड केलं. त्यांना कोणी हप्ता मागत नव्हतं!

इकडे डोमाभाऊ बाजारात छाती काढून फिरत होते. "तीन महिने झाले, एक भांडण नाई! वाटणी कराची त अशी!"

एके दिवशी दारात मोटारसायकल थांबली. पँटशर्टातला माणूस, काखेत फाइल. डोमाभाऊंना वाटलं, सत्काराचं आमंत्रण आलं.

"या जी, या! चहा ठेव वो!"

"तुम्हीच जामीनदार ना?"

"होय ना बाप्पा! मीच त."

"तीन हप्ते थकले. घराला कुलूप आहे. आठ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर घर लिलावात निघेल. आणि उरलेली वसुली तुमच्याकडून होईल."

गोकुळाबाईंनी चहाचं आधण खाली उतरवून ठेवलं.

डोमाभाऊंनी दोघांना पकडून बँकेत नेलं. भूपेशला ट्रकवरून उतरवून आणि दामिनीला मशीनवरून उठवून. तिघं मॅनेजरबाईंपुढे बसले. मध्ये डोमाभाऊ, दोन्हीकडे तोंडं फिरवलेली वरात!

"बाई, म्या त या दोघायले हप्ते वाटून देल्ले होते!"

"मग भरले का नाहीत?"

भूपेश म्हणाला, "दहा तारखेले मी घरी नव्हतोच, मॅडम. हिचा नंबर होता."

"खोटं काऊन बोलतोस?" दामिनी उसळली. "तुह्याच हप्त्यात दहा तारीख होती! नवाले गादी घेऊन पयालास तू, शेजारणीनं सांगतलं मले!"

"अन् तू मुलचेऱ्याले काऊन पयाली?"

मॅनेजरबाईंनी हात वर केला. "थांबा. कोणता हप्ता? दिवसांचा की पैशांचा?"

डोमाभाऊंनी भाच्याकडे पाहिलं, मग भाचसुनेकडे पाहिलं.

"अबे, मी पैशाचा हप्ता म्हणलो!"

"मामा, आमी सोमवार ते सोमवार समजलो!"

"तीन महिने?"

"तुमीच म्हणले, ज्याचा हप्ता त्यानं भराचे!"

मॅनेजरबाईंना ठसका लागला. तो हसण्याचा होता हे त्यांनी पाणी पिऊन लपवलं.

मग वाटणी त्यांनीच केली, आणि पाठ न फिरवता केली. घर दामिनीकडे, कारण तिची गिऱ्हाइकं तिथंच येत. हप्ता तीच भरणार. थकलेले पैसे भूपेशनं भरायचे आणि घरावरचा हक्क सोडायचा. त्यानं मोटारसायकल विकून पैसे भरले, घर वाचलं, आणि पुढे कोर्टानं फारकतही दिली. पण बँकेच्या कागदावरचं भूपेशचं नाव काही निघेना. एकट्या दामिनीच्या कमाईवर एवढं कर्ज बसत नाही म्हणे! कोर्टानं सोडलं, बँकेनं नाही सोडलं.

डोमाभाऊंनी दबकत विचारलं, "बाई, माह्य नाव त काढाल ना?"

"कर्ज फिटल्यावर. अजून पंधरा वर्षं."

"अन् तवरीक मी मेलो त?"

"तर यांना नवा जामीनदार आणावा लागेल. नाही मिळाला, तर पुन्हा अडचण."

नवा जामीनदार! आख्ख्या तालुक्यात ही कथा पसरलेली. त्या दोघांना आता सायकलसाठीही कोणी जामीन राहिलं नसतं! डोमाभाऊ उठून उभे राहिले, छाती पुढे काढली.

"लिहून घ्या बाई! कर्ज फिटेपर्यंत हा डोमा मरत नाई!"

त्या दिवसापासून म्हाताऱ्याची चंगळ सुरू झाली. दामिनी दर आठवड्याला दूध, अंडी घेऊन यायची. भूपेश ट्रक थेट अंगणाशी आणून विचारायचा, "मामा, बीपीची गोळी घेतली?" एकदा डोमाभाऊ नुसते शिंकले, तर गोकुळाबाईंनी दोघांना फोन केला आणि दोघं दोन दिशांनी धावत आले! घटस्फोट झालेली ती दोन माणसं सरकारी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसून डॉक्टरला विचारत होती, "साहेब, अजून पंधरा वर्षं काढतीन ना?"

डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी आहे."

"तरी एक सलाइन लावा," दामिनी म्हणाली.

"दोन लावा," भूपेश म्हणाला. "एक माह्याकडून."

डोमाभाऊंनी तंबाखू सोडली. जाळं टाकायला पाण्यात उतरणं सोडलं. तेलकट सोडलं. कोणी बोलावलं तरी वाटे पाडायला जाणं सोडलं. सकाळी उठून ते तलावाच्या पाळीवर दोन फेऱ्या मारायचे आणि कोणी विचारलं तर सांगायचे, "व्यायाम नाई गा, बँकेचं काम करून राह्यलो."

कर्जाची अकरा वर्षं बाकी असताना, माघ महिन्यात, मार्कंड्याची जत्रा भरायच्या चार दिवस आधी, सोमवारी दुपारी जेवण करून हात धुता धुता डोमाभाऊ वारले.