गॅरेज बरोबरच आहे

"गाडी बाहेर येत नाहीये," ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली.

"चालू होत नाहीये?" नवऱ्याने पावाला लोणी लावता लावता विचारले.

"चालू होते. बाहेर येत नाही."

"असं कसं होईल? काल संध्याकाळीच तर आत गेली."

"तेच सांगतेय. आत गेली."

नवरा विमा कंपनीत दिवसभर फायलींमध्ये मान खुपसून बसत असे. पण आपण मुळात हाताने काम करणारा माणूस आहोत, नोकरीने आपल्यावर अन्याय केला, असे त्याचे ठाम मत होते. म्हणून घराच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर त्याने गॅरेज बांधायला काढले. नुसते गॅरेज नव्हे, वर्कशॉप. समोरच्या भिंतीला जाड लाकडाचे टेबल, त्यावर वस्तू घट्ट पकडून ठेवायचा शेगडा, बाजूला हवा भरायचा कंप्रेसर. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढलेली होती, म्हणजे पक्कड जागेवर नसली तरी ती कुठे नाही हे लगेच कळावे. एवढ्या सगळ्याला तिने एकच अट घातली होती. सकाळी कोणाच्याही हातापाया न पडता गाडी बाहेर निघाली पाहिजे.

आज तर ती निघायलाच हवी होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची ती नुकतीच प्रमुख झाली होती आणि आज बाहेरचे तपासनीस येऊन कामाची पद्धत प्रत्यक्ष पाहणार होते. त्यासाठी तिने काल शहरातल्या टाक्यांवर फिरून पाण्याचे नमुने गोळा केले होते. ते बर्फाच्या पेटीत होते, आणि पेटी गाडीच्या डिकीत होती. नमुने वेळेत पोचले नाहीत तर ते फेकून द्यावे लागणार, आणि प्रयोगशाळेची मान्यता लांबणीवर पडणार. तिच्या पहिल्याच तपासणीत.

"मग पेटी काढून टॅक्सीनं जा ना," नवरा म्हणाला.

"डिकी वर उघडते. पुढे टेबल, वर शटर. ती आदळते."

"मागच्या सीटवरून काढ."

"पेटी सीटच्या फटीतून जात नाही. रात्री सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बर्फात आहे ना, सकाळी बघू. सकाळ झाली. बघा."

नवरा पाव हातात घेऊनच गॅरेजमध्ये आला. गाडी शटरखाली शेपूट काढून उभी होती. तिच्या छताची मागची कड शटरच्या खालच्या पट्टीपेक्षा एक बोट उंच होती आणि जिथे ती घासली होती तिथे रंग उडाला होता. नवऱ्याने बोट लावून पाहिले. मग दुसरे बोट लावून पाहिले. बोट बदलल्याने फरक पडला नाही.

"गाडी रात्रीत वाढली?" तो म्हणाला.

"गाडीची उंची कधी मोजली होती तुम्ही?"

"ताईकडून आलो ना आपण, त्या दिवशी. फाटकातच. गवंडी निघायच्या घाईत होता, म्हणून मी म्हटलं, कोणी उतरू नका, आधी माप देऊन टाकतो."

"कोणी उतरू नका."

"हो. वेळ कुठे होता?"

रागाच्या भरात तिला बोलता येत नसे; आधी सगळे ओळीने लावून घ्यावे लागे. "म्हणजे गाडीत पाच माणसं होती. त्यात भाऊजी. शिवाय आईंचं शिलाई मशीन. गाडी स्प्रिंगवर बसलेली. तुम्ही दबलेल्या गाडीचं माप घेतलंत."

"पण मी वर चार बोटं जास्तीची धरली होती!"

"त्यातली दोन तुम्ही जमीन जाड करून घेतलीत त्यात गेली."

"जॅक लावायचा तर जमीन मजबूत नको?"

"उरलेली दोन शटरच्या पट्टीत गेली. आणि काल उद्घाटन म्हणून तुम्ही सगळ्यांना गाडीत कोंबलंत. पाच माणसांनिशी गाडी आत गेली. मग आपण सगळे उतरलो."

नवऱ्याने वर पाहिले, गाडीकडे पाहिले, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "म्हणजे माझं माप चुकलं नव्हतं! भरलेल्या गाडीचं अगदी बरोबर आहे. गॅरेज बरोबर आहे. गाडी उंच आहे."

एवढ्यात कुंपणावरून शेजारचे काका डोकावले. निवृत्तीनंतर ते सकाळचा बराच वेळ त्या कुंपणावर घालवत. "टायरमधली हवा सोडा की! सोपं आहे."

"आणि मग भरायची कशी, काका?" तिने विचारले.

"हा काय कंप्रेसर एवढा मोठा!"

नवरा जरा चुळबुळला. "कंप्रेसर आहे. पण त्याचा प्लग मोठा आहे. तसलं सॉकेट अजून बसायचंय."

"हत्यारांच्या रेषा आधी काढल्या," ती म्हणाली.

"रेषा महत्त्वाच्या असतात."

शटरवाल्याला फोन लावला. तो दुसऱ्या कामावर होता. "पट्टी काढायची तर सगळं शटरच उतरवावं लागेल," तो म्हणाला. "परवा येतो. तोपर्यंत गाडी बाहेर ठेवा." तिने फोन ठेवला तो अगदी हलक्या हाताने. तो आपटला नाही याचे तिलाच नवल वाटले.

"भाऊजींना बोलवा," ती म्हणाली.

धाकटा दीर म्हणजे या घरातला सर्वांत वजनदार माणूस. पण तो रात्रीच गावाला गेला होता आणि फोनवर फक्त हसत होता. "वहिनी, माझी किंमत आज कळली ना?" एवढेच त्याला जेमतेम बोलता आले.

तेव्हा जे हाताशी होते त्यांना गोळा करण्यात आले. सासूबाई घरच्या सपाता घालूनच आल्या. "मी मागे बसणार नाही. माझे गुडघे दुमडत नाहीत."

"आई, मागेच वजन हवंय. आधी मागची बाजू बाहेर यायचीय."

"मग गाडी उलटी आत घालायची होती. मला विचारलं कोणी?"

काका म्हणाले, ते बसणार नाहीत, ते बाहेर उभे राहून हाताने खुणा करतील. असल्या वेळी बाहेर एक जबाबदार माणूस लागतो. तिने त्यांना शांतपणे सांगितले की आज जबाबदारीची नव्हे, वजनाची गरज आहे. काका दुखावले, पण बसले. उरलेले प्लास्टर करायला गवंडी तेवढ्यात आलाच होता, त्यालाही बसवले.

"ताई, कपड्याला सिमेंट आहे," गवंडी म्हणाला.

"असू दे. सिमेंटलाही वजन असतं."

"आणि हे बघा, उंची साहेबांनी सांगितली तेवढीच ठेवली मी. नंतर बोल नको."

"तुमचं काही चुकलं नाही. कोणाचंच काही चुकलेलं नाही. बसा."

ती स्टिअरिंगवर बसली. शेजारी नवरा, मागे सासूबाई, काका आणि गवंडी. गाडी खाली बसली. नवऱ्याने खिडकीतून मान काढून वर पाहिले. "नखभर राहिलं."

कोपऱ्यात सिमेंटची दोन पोती होती. गवंडी उतरला, गाडी वर आली. पोती मागे पायांशी ठेवली, गवंडी बसला, गाडी खाली गेली. सासूबाईंचे पाय आता पोत्यावर होते, आणि ते त्यांना बरे वाटत होते असे दिसले.

"आता सगळ्यांनी मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा," नवऱ्याने हुकूम सोडला.

श्वास धरल्याने गाडी खाली जात नाही हे सांगायला तिला एक वाक्य पुरले असते. पण मागून एकदम आलेली शांतता तिला इतकी बरी वाटली की ती काही बोलली नाही. तिने रिव्हर्स टाकला. वर पट्टी छताला टेकली, खर्रर्र असा बारीक आवाज काढत पुढे पुढे सरकत गेली आणि अखेर सुटली. जमीन उंच केल्यामुळे दारात जो खडा उतार केला होता त्यावरून गाडी दाणकन खाली आली. काकांनी धरलेला श्वास सोडला.

"बास, थांब. आम्ही उतरतो," सासूबाई म्हणाल्या.

तिने घड्याळाकडे पाहिले. "उतरायला वेळ नाही, आई."

"अगं, मी सपातांवर आहे!"

"माझा चहा ओट्यावर राहिलाय!" काका म्हणाले.

गाडी गल्लीबाहेर पडली होती.

प्रयोगशाळेच्या दारात दोन तपासनीस नुकतेच उतरत होते. त्यांच्यासमोर गाडी थांबली आणि तिच्यातून एकामागून एक पावाचा तुकडा हातात धरलेला एक गृहस्थ, सिमेंटने माखलेला एक माणूस, लेंग्यातले एक वृद्ध आणि सपाता घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. गवंड्याने आणि नवऱ्याने बर्फाची पेटी उचलून आत नेली. काकांनी बाहेर उभे राहून हाताने खुणा केल्या.

"तुमचा कर्मचारीवर्ग बराच मोठा आहे," थोरले तपासनीस म्हणाले.

"आज जरा जास्त लागला," ती म्हणाली, आणि नमुन्यांचे तापमान दाखवायला घेतले. ते अगदी जिथल्या तिथे होते. दिवसभरात तिला समाधान वाटावे अशी ती पहिली गोष्ट.

नवऱ्याने रजा टाकली. "तू बसनं ये संध्याकाळी. तोपर्यंत मी हे कायमचं मिटवून टाकतो," तो किल्ली घेताना म्हणाला. त्याच्या आवाजातला उत्साह ऐकून ती किल्ली परत मागायला वळली. पण तपासनीस वाट पाहत होते.

तपासणी चांगली झाली. दुसऱ्या दिवशी नव्या नमुन्यांवर तेच सगळे पुन्हा करून दाखवायचे ठरले. म्हणून ती उरलेल्या टाक्यांचे नमुने घेऊन, पेटी मांडीवर धरून बसने घरी आली. गल्लीत वळताच तिला फाटकाशी काका दिसले. ते कुंपणाच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, जणू तिकीट काढून आल्या होत्या.

"गेली आत?" तिने विचारले.

"अर्धी," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने मेकॅनिककडे जाऊन गाडीच्या चारी स्प्रिंगा कापून आखूड करून घेतल्या होत्या. गाडी आता जमिनीला धरून चालणाऱ्या प्राण्यासारखी दिसत होती. पुढची चाके गॅरेजमध्ये, मागची अंगणात, आणि पोट दाराच्या उताराच्या कडेवर टेकलेले.

"उंची बघ!" नवऱ्याने छत आणि शटर यांच्यामध्ये उभा पंजा घालून दाखवला. "पंजा जातो. चुकलंय काही?"

"आणि खाली?"

"खाली किरकोळ अडचण आहे. मी, काका आणि गवंडी आत होतो ना, म्हणून टेकली."

"तुम्ही तिघं कशाला बसला होतात?"

नवरा थोडा ओशाळला. "सवयीनं."

तिने पेटी खाली ठेवली, वाकून कडेकडे पाहिले, गाडी दाबून पाहिली, सोडून पाहिली. "कोणीच बसलं नाही तर सुटेल."

"म्हणजे चालवणारानंसुद्धा?" काकांनी विचारले.

"चालवणारानंसुद्धा."

मग गवंडी, काका आणि नवरा यांनी मागून ढकलले, आणि खिडकीतून हात घालून तिने स्टिअरिंग धरले. गाडी एकदा कण्हली आणि रिकामी, हलकी, आज्ञाधारकपणे आत जाऊन उभी राहिली. नवऱ्याने शटर ओढले. ते एका हाताने, आवाज न करता खाली आले.

"बघितलंस? गॅरेज बरोबरच आहे!"

"आणि सकाळी?"

"सकाळी आम्ही ढकलून बाहेर काढू. बाहेर आली की तू बसायचं आणि निघायचं. झालं!"

"अरे, पण ती बसल्यावर गाडी आणखी खाली बसेल ना," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मग गल्लीच्या तोंडाशी तो गतिरोधक आहे, तो ओलांडताना?"

"येताना तो आम्ही उतरून ढकलूनच ओलांडला," काकांनी सांगून टाकले.

नवऱ्याने गल्लीच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग खिशातून टेप काढला. "तो गतिरोधकच मुळात चुकीच्या उंचीचा आहे," तो म्हणाला. "गवंडीबुवा, छिन्नी-हातोडा घ्या जरा. गवंडीबुवा?"

गवंडी तोवर सायकलवर बसून फाटकाबाहेर पडला होता आणि मागे न पाहता जोरात पेडल मारत होता. त्या सायकलला मागे रुंद, लोखंडी कॅरियर होते. त्यावरून तो दोन दोन पोती आणत असे.

आयुष्यात तिने कधी रस्त्यावर आवाज चढवला नव्हता; आता पेटी उचलून ती फाटकापर्यंत धावली.

"अहो, थांबा!" ती ओरडली. "उद्या सकाळी तुम्ही किती वाजता निघता?"