मनोहरकाकांचा या खेपेचा आजार

आमचे शेजारी मनोहरकाका मधूनमधून मेकअप करून आजारी पडतात. मी नर्सिंग कॉलेजात शिकवतो, आणि परीक्षेसाठी खोटे पेशंट मीच गोळा करतो. काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. कॉलनीच्या प्रत्येक नाटकात तिसऱ्या अंकात मेलेले.

"या खेपेला अल्झायमर," मी सांगितलं.

"मराचा सीन नाही?" काका हिरमुसले.

तरी उलटं बनियन घालून हजर झाले. चष्मा हरवलाय, वार आठवत नाही, एवढंच मी लिहून दिलं होतं.

"बाबाजी, आज वार कोणता?" पहिल्या पोरानं विचारलं.

"रिटायर माणसाले वार कायले लागते गा? ड्युटीवर तू आहे, तूच सांग."

पोरानं निदान लिहिलं: वयानुसार विसरभोळेपणा. मी कपाळाला हात लावला.

मग काकांनी माझे संवादच सोडले. जो येईल त्याला एकच प्रश्न: "माही माय कुठी आहे? मले तिच्याकडं कुही गावाले जायचं आहे."

"बाबाजी, तुमचं वय पाहता आई वारल्या असतील," एक म्हणाला.

"नापास," काका म्हणाले.

दुसरीनं गोळी पुढे केली. "नापास."

"काका, परीक्षक मी आहे," मी कुजबुजलो.

"चूप बस गा. इचारून राहिलो ना मी."

शेवटची पोरगी बुजरी. ती काकांजवळ बसली. "मायकडं गेल्यावर काय रांधते ती तुमच्यासाठी?"

काका अभिनय विसरले. "अन् मंग? पुढं काय बोलाचं?"

"काही नाही. ऐकायचं."

जो हरवल्याचं सोंग करायचं होतं, तो चष्मा काका खरोखरच माझ्या टेबलावर विसरून गेले. संध्याकाळी तो द्यायला गेलो. भिंतीपलीकडून रोज या वेळी काकांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं, रडणं ऐकू यायचं; आम्ही समजायचो, भांडतात. काकू पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

"मले कुहीले सोडून द्या. माय वाट पाहून राहिली."

काका मला हळूच म्हणाले, "तुही माय केव्हाचीच गेली, असं हिले रोज खरं सांगत होतो. रोज हिच्यासाठी माय नव्यानं मरे."

मग काकूंकडे वळले. "काय रांधलं असन वं मायनं?"

काकू पायरीवर बसल्या. "गोळाभात. संग कढी." पिशवी मांडीवर घेऊन त्या कढीची फोडणी सांगू लागल्या. सांगता सांगता काकांकडे पाहून थांबल्या. "तुमीबी या जेवाले. माय कोणाले उपाशी धाडत नाही."

"येतो ना," काका म्हणाले. आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नसता.