तात्या पेशकारांचं विमान

आमच्या शेजारच्या तात्या पेशकारांना कुणी "काय म्हणता?" विचारलं, की उत्तर यायचं, "दोन तासांना दहा मिनिटं कमी!" हैदराबादला विमान किती वेळात पोचतं, ते. विचारणाऱ्याला हैदराबादला जायचंय का, याच्याशी तात्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

विमान तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. तात्या सायकल हाणत चिकलठाण्याच्या माळावर जायचे, ते उडालं की घड्याळ बघायचे. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाबूला गाठून कालचं हैदराबादला कधी उतरलं ते विचारायचे. बाबू त्यांना बघून लपायला लागला. इकडं तहसिलीत साहेब कागदांची वाट बघत बसलेले, आणि पेशकार माळावर!

"पेशकारसाब, तुमकू उडनाच नै तो घडी कायकू देखते?" टांगेवाले रहीमचाचा छेडायचे.

"अंदाजपंचे बोलणं आपल्याला जमत नाय," तात्या म्हणायचे. "घड्याळ लावून सांगतो."

मीही त्यांची लई टर उडवली, खोटं कशाला सांगू? एकदा मात्र चिडून म्हणालो, "अहो, रेल्वे काय मेलीय? रात्री बसा, दुपारी उतरा, लेकीला भेटून या." त्यांची एकुलती एक सुमन तिकडं हैदराबादेत, सुलतान बाजारात दिलेली. चार वर्षांत तात्यांनी तिचं घर पाहिलं नव्हतं.

"रेल्वेनं गेलं की मुक्काम पडतो," तात्या म्हणाले. "तिला अजून मूलबाळ नाय. तोवर बापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. दिवसभर बिनपाण्याचा राहीन मास्तर, दोन दिवस कसा राहू?"

घ्या! लेकीसाठी जीव तुटतोय, आणि गाडी अडलीय तांब्याभर पाण्यापाशी. "मग स्टेशनावर प्या, खानावळीत जेवा," मी म्हणालो.

"व्याह्यांच्या गावात बाप खानावळीत? लोक पोरीच्या तोंडात शेण घालतील."

पोरीला शेण कमी मिळत होतं का? मूल नाही म्हणून सासू उठता-बसता टोचत होतीच. पण तात्यांपुढं कोण बोलणार? मी गप्प बसलो, आणि त्याचा मला आजही राग येतो.

पुढं सुमनचं पत्र आलं. ताप उतरत नाही, एकदा येऊन जा. तात्या विमानानं गेले. तिकीट कसं काढलं ते देव जाणे. त्याच संध्याकाळी परतही आले. मी ओट्यावरून ओरडलो, "काय तात्या, वेळेवर पोचलात ना?"

"व्हय," म्हणाले आणि आत गेले.

नवव्या दिवशी तार आली. सुमन गेली.

मी जाऊन बसलो. तात्या आपणहून बोलायला लागले.

"अंगात ताप होता, तरी उठली. भिंत धरत धरत पाणी घेऊन आली. मी हात जोडले. तर म्हणाली, 'तात्या, घोटभर घ्या. सासूबाई देवळात गेल्यात, कुणी बघत नाय.' मी म्हणालो, विमानाची वेळ झाली."

असल्या रीतीला आग लावावी असं वाटलं. पण ते या माणसाच्या तोंडावर कसं बोलायचं?

तात्यांनी माझा हात धरला.

"मास्तर, मला लई तहान लागली होती हो."