म्हातारा नर, वरचा मजला

"म्हातारी माकडं रिटायर होतात का हो?"

प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत सगळ्या वर्गासमोर हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मी विचारलं. हल्ली मी कशालाच घाबरत नाही! मैत्रिणी फिदीफिदी हसल्या, पण माकडं सांभाळणारे काका हसले नाहीत. वय झालं की माकडं पिंजऱ्यातली जागा वेगळी वापरतात, चढउतार टाळतात, म्हणाले. आणि चार रविवार येऊन नोंदी करशील का, असं मलाच विचारलं. वर्गासमोर नाही कोण म्हणणार?

नियम कडक होते. दर पंधरा मिनिटांनी कोण कुठे ते लिहायचं. नाव नाही, फक्त वय आणि नर की मादी. हात बसावा म्हणून सुट्टीत आठवडाभर मी घरातल्यांचाही तसाच तक्ता भरला. शेवटच्या रविवारी ऐटीत कागद काकांच्या हातात ठेवले.

मंगळवारी आम्ही जेवत असताना त्यांचा फोन आला. आई-बाबांनाही कौतुक ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

काका हादरलेच होते. माझा तक्ता वाचून त्यांनी तातडीनं डॉक्टर बोलावले. डॉक्टर गुडघे तपासायला पिंजऱ्यात शिरले, तर म्हातारं माकड टुणकन उडालं आणि त्यांचा चष्मा घेऊन छताला लटकलं!

"मग तू हे काय लिहिलंस, पोरी? 'म्हातारा नर सात दिवस वरच. रोज खाली यायला निघतो, अर्ध्यावर थांबतो, परत जातो. जेवतो एकटाच.'"

मी घरचा तक्ता दिला होता!

आईचा घास हातातच राहिला. बाबा जिन्याकडे बघत बसले. आजोबांचं ताट नुकतंच वर पोचवलं होतं. त्यांना वरच निवांत वाटतं, असं आम्ही वर्षभर धरून चाललो होतो.

मी फोनवर झडप घातली, पण काका थांबतायत कुठे?

"आणि खालची सगळ्यात सोयीची जागा एका तरुण मादीनं बळकावलीये. दिवसभर नुसती लोळते. धडधाकट आहे, तिला आधी वर हलवायला हवं. ही कोण, तेवढं सांग."

खालची स्वतंत्र खोली हवी म्हणून गेल्या वर्षी मी दोन दिवस जेवले नव्हते. आई-बाबांनाही ते आठवलं असावं, कारण दोघंही आता माझ्याकडेच बघत होते.

"आई, बाबा," मी जाहीर केलं, "जेवण झालं की तरुण मादी वर राहायला जातेय. आजोबांची गादी खाली आणायला जरा हात लावा."